जांभळी पैठणी निळी का येते? मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांचे रंग पारखताना

पत्र: मी येवल्यात पैठणीच्या कॅटलॉगचं काम करतो. माझ्याकडे फुजीफिल्मचा जीएफएक्स ५०एस-२ आणि १२० मिमी मॅक्रो लेन्स आहे. आता १०० मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यायचा आहे. जीएफएक्स १००एस-२ आणि हॅसलब्लाड एक्स२डी १००सी भाड्याने आणले आणि स्टुडिओतल्या एलईडीखाली एकाच साडीचे फोटो काढले. लाइटरूममध्ये (अडोबीचं फोटो सॉफ्टवेअर) हॅसलब्लाडचे रंग खोल आणि स्वच्छ वाटले, फुजीचे जरा पिवळट. जांभळी साडी मात्र दोन्हींत निळसर आली आणि विणकरांची मुख्य तक्रार तीच आहे. शिवाय ५०एस-२ मध्ये बारीक विणीवर रंगीत पट्टे येतात. अधूनमधून मॉडेलला घेऊन उन्हात फ्लॅश लावूनही शूट असतं. रंगासाठी हॅसलब्लाड घ्यावा का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

त्या एका चाचणीवरून हॅसलब्लाड घेऊ नका. तो कॅमेरा उत्तम आहे, पण तुम्ही तुलना केलीत ती कॅमेऱ्यांची नव्हे. तुम्ही लाइटरूमच्या दोन प्रोफाइलांची तुलना केलीत, आणि तीही ज्याच्याविषयी शंका घ्यायला हवी अशा प्रकाशात.

आधी दोन्ही कॅमेऱ्यांच्या आत काय आहे ते पाहू. दोन्हींचा सेन्सर सोनीने बनवलेला आहे आणि मापही एकच, सुमारे ४३.८ × ३२.९ मिमी. पिक्सेलची रुंदी दोन्हींत ३.७६ मायक्रॉन. फुजीची फाइल ११,६४८ × ८,७३६ पिक्सेलची असते, हॅसलब्लाडची ११,६५६ × ८,७४२ ची. त्यामुळे तपशील, नॉइज आणि डायनॅमिक रेंज यांत डोळ्याला दिसेल असा फरक मिळण्याची आशा ठेवू नका. तसा फरक दिसलाच, तर आधी फोकस, ट्रायपॉड, लेन्स आणि एक्सपोजर तपासा.

मग रंग वेगळे का दिसले? सेन्सर प्रत्येक पिक्सेलसाठी एकच आकडा देतो. लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरखालच्या या आकड्यांतून रंग तयार करतं ते प्रोफाइल. हॅसलब्लाड स्वतःच्या फोकस (Phocus) नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये आपली नॅचरल कलर सोल्युशन ही रंगपद्धत वापरते. फुजी प्रोव्हिया, आस्टिया, प्रो नेग अशी फिल्म सिम्युलेशन्स देते. लाइटरूममध्ये ‘अडोबी कलर’ निवडलंत की या दोन्ही बाजूला राहतात आणि अडोबीने त्या त्या मॉडेलसाठी बनवलेलं प्रोफाइल लागतं. त्यासोबत प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी अशी एक्सपोजरची छुपी वाढ किंवा घटही लागते, आणि स्लायडर मात्र शून्यावरच दिसतो. पाव स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) गडद असलेला फोटो शेजारी ठेवला की ‘खोल’ वाटतो, हे त्यातून आलं. पिवळटपणाची कारणं बहुधा दोन: ऑटो व्हाइट बॅलन्स आणि लेन्सच्या काचेवरच्या लेपाची छटा. राखाडी पट्टीवर क्लिक केलं की दोन्ही जातात.

जांभळा मात्र दोन्हींत बिघडला, आणि तुमच्या पत्रातली सर्वात मोलाची माहिती हीच आहे. दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत एकच दोष दिसला की जे दोघांना समान होतं तिकडे बघायचं. इथे समान आहे प्रकाश. जांभळ्या रंगाचं रेशीम निळा प्रकाश परावर्तित करतं आणि वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाचा, साधारण ६२० नॅनोमीटरच्या पुढचा गडद लालही. बऱ्याच एलईडी दिव्यांत हा गडद लाल कमी पडतो. त्यात कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर त्याच भागात प्रकाश छाटायला लागतो. लालाचा वाटा दोन ठिकाणी कापला गेला की उरतो तो निळा. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय ९५ (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) लिहिलेलं असतं, पण तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी आहे आणि गडद लाल त्यात मोजलाच जात नाही. तो आर९ या वेगळ्या आकड्यात असतो. आर९ छापलेला नसेल तर तो दिवा पैठणीसाठी वापरू नका. झेनॉनच्या स्टुडिओ फ्लॅशमध्ये वर्णपट सलग असतो, म्हणून कॅमेरा बदलण्याआधी हीच साडी तुमच्या ५०एस-२ ने फ्लॅशवर टिपून बघा. अर्धी तक्रार तिथेच मिटेल असा आमचा अंदाज आहे.

उरलेली अर्धी प्रोफाइलची. कोणत्याही कॅमेऱ्याचे तीन फिल्टर माणसाच्या डोळ्यासारखे तंतोतंत पाहत नाहीत, त्यामुळे डोळ्याला सारखे दिसणारे दोन रंग कॅमेऱ्याला वेगळे दिसू शकतात, आणि उलटही होतं. कलरचेकर या रंग तपासायच्या तयार चार्टवर २४ चौकोन आहेत. त्यांत ठळक जांभळा एकच, आणि तोही मॅट रंगाचा, रंगवलेल्या रेशमाचा नव्हे. त्या चार्टवर उत्तम गुण मिळवणारं प्रोफाइल तुमच्या जांभळ्या, मोरपंखी किंवा राणी रंगावर चुकू शकतं. म्हणून स्वतःचा चार्ट बनवा. यात खर्च फारसा नाही आणि तुमच्या गावात साहित्य सहज मिळेल.

विणकराकडून तुम्ही नेहमी टिपता त्या रंगांच्या रेशमाच्या लडींमधला थोडा थोडा धागा घ्या. जांभळा, मोरपंखी, राणी, कुंकवाचा लाल, हिरवा, हळदी, काळा, मोतिया असे दहा-बारा रंग पुरेत. राखाडी पुठ्ठ्याच्या ३ सेंमी रुंद पट्ट्या कापा आणि प्रत्येकीवर एकेक रंग दाट गुंडाळा. खालचा पुठ्ठा अजिबात दिसता कामा नये, म्हणून दोन थर द्या. सगळ्या पट्ट्यांवर धाग्याची दिशा एकच ठेवा, कारण रेशमाची चमक दिशेनुसार बदलते आणि एक पट्टी आडवी बसली तर तिचं मोजमाप फुकट जातं. पट्ट्या एका फळीवर चिकटवा आणि शेजारी कलरचेकर ठेवा. काम झालं की फळी अंधाऱ्या कपाटात ठेवा, रंगवलेलं रेशीम उन्हाने उतरतं. अख्ख्या साडीवर रंग मोजू नका. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव येते, आणि मग कॅमेरा चार अंश हलला तरी रंग बदलतो. तो फरक कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो.

आता चाचणी. फळी उभी करा, दोन फ्लॅश दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, सारख्या अंतरावर. खोलीतले इतर दिवे बंद, खिडकीला पडदा, आणि भिंत रंगीत असेल तर तिच्यावर काळं कापड. फ्लॅश मीटरने चारही कोपरे आणि मध्य मोजा. फरक ०.१ स्टॉपच्या आत येईपर्यंत दिवे हलवा. फ्लॅशची पॉवर एकदा ठरली की बदलू नका, पॉवर बदलली की त्याचं रंगतापमानही थोडं सरकतं. मोजण्याआधी दहा-पंधरा फ्लॅश रिकामे उडवा.

तुमच्याकडे फुजीचा १२० मिमी एफ/४ मॅक्रो आहे, हॅसलब्लाडसाठी एक्ससीडी १२० मिमी एफ/३.५ मॅक्रो भाड्याने घ्या. दोन्ही सेन्सरवर वस्तूच्या अर्ध्या आकाराची प्रतिमा देण्यापर्यंत जातात, त्यामुळे जोडी बरोबरीची आहे. लेन्सचा प्रभाव पूर्ण काढायचाच असेल तर हॅसलब्लाडच्या जुन्या एच मालिकेची एखादी एचसी लेन्स मिळवा. फुजीचा एच माउंट अडॅप्टर आणि हॅसलब्लाडचा एक्सएच अडॅप्टर वापरून तीच लेन्स दोन्ही बॉडींवर बसते. फोकस मात्र दोन्हीकडे हातानेच करा, पूर्ण मोठं करून बघत. अॅपर्चर एफ/८. आयएसओ प्रत्येकाचा किमान मूळ: १००एस-२ ला ८०, एक्स२डी ला ६४, तुमच्या ५०एस-२ ला १००. इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा. या मोठ्या सेन्सरांचं वाचन सावकाश होतं आणि फ्लॅशशी त्याचा मेळ बसत नाही. फुजीत इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (शटरचा फक्त पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक) लावा, म्हणजे शटरच्या हादऱ्याने धूसरपणा येणार नाही.

एक्सपोजर कॅमेऱ्याच्या हिस्टोग्रामवरून ठरवू नका, तो जेपेगवर आधारलेला असतो. रॉडिगर किंवा फास्टरॉव्ह्यूअर या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइल उघडा आणि कलरचेकरच्या पांढऱ्या चौकोनाचा हिरवा चॅनेल संपृक्ततेच्या अर्धा स्टॉप खाली आहे ना ते बघा. दोन्ही कॅमेऱ्यांना हाच नियम लावलात की आयएसओच्या आकड्यांतला फरक आपोआप निघून जातो. आयएसओची व्याख्या उत्पादकाला बरीच मोकळीक देते, म्हणून आकडा सारखा ठेवल्याने एक्सपोजर सारखं होतंच असं नाही.

पुढचं काम लाइटरूममध्ये. व्हाइट बॅलन्स राखाडी रांगेतल्या डावीकडून दुसऱ्या चौकोनावर क्लिक करून घ्या, पांढऱ्यावर नको. दोन कॅमेऱ्यांचे केल्विनचे आकडे जुळत नसतील तर तिकडे दुर्लक्ष करा, त्या आकड्यांना एकमेकांशी तोलण्यात अर्थ नाही. मग हिस्टोग्रामवर राइट क्लिक करून लॅब वाचन चालू करा आणि त्याच रांगेतल्या चौथ्या चौकोनाचा ‘एल’ (उजळपणाचा आकडा) दोन्ही फाइलींत ५० च्या आसपास एकसारखा येईल असा एक्सपोजर स्लायडर फिरवा. इतकं झाल्यावर दोन्ही फोटो पुन्हा शेजारी ठेवा. तुम्हाला जाणवलेला ‘खोलपणा’ बहुतेक इथेच विरलेला दिसेल.

यानंतर दोन्ही कॅमेऱ्यांसाठी एकाच सॉफ्टवेअरने, एकाच चार्टवरून प्रोफाइल बनवा. कलरचेकरसोबतचं कॅलिब्रेशन सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरतं. नोव्हेंबर २०१४ नंतरच्या चार्टचे संदर्भ आकडे जुन्यापेक्षा वेगळे आहेत, ते सॉफ्टवेअरमध्ये बरोबर निवडा. रेशमाच्या पट्ट्या प्रोफाइलमध्ये घ्यायच्या असतील तर ल्युमरिव्हर प्रोफाइल डिझायनर किंवा डीकॅमप्रॉफ लागेल, आणि पट्ट्या मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर हे रंग मोजायचं यंत्र. तो विकत घ्यायची गरज नाही. मोठ्या छपाई कारखान्यांत आणि कापड रंगवणाऱ्या प्रयोगशाळांत तो असतो, पट्ट्या एकदा मोजून आणा. मग प्रत्येक पट्टीची चूक डेल्टा-ई २००० या रंगफरकाच्या मापात काढा. शेजारी ठेवलेल्या दोन रंगांत १ च्या आसपासचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो. कॅटलॉगच्या कामाला सरासरी २ ते ३ आणि सर्वात वाईट पट्टी ५ च्या आत असली की आम्ही समाधानी असतो. प्रोफाइल बनवल्यावर दोन कॅमेऱ्यांची सरासरी अर्ध्या-पाऊण एककाने इकडे-तिकडे असेल, तर रंगाच्या मुद्द्यावर तुमच्यासाठी दोन्ही कॅमेरे सारखेच. एखादी विशिष्ट पट्टी, समजा तीच जांभळी, एकात ३ आणि दुसऱ्यात ७ आली, तर मात्र तो खरा फरक आहे आणि त्यावर पैसे खर्च करायला हरकत नाही. फोकस सॉफ्टवेअरमधले हॅसलब्लाडचे रंगही याच पट्ट्यांवर तपासा. त्वचेचे रंग ते कोणताही खटाटोप न करता फार छान देतं. पण सुंदर रंग आणि साडीशी जुळणारा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमचे विणकर दुसरीसाठी पैसे देतात.

आता रंगीत पट्ट्यांचं, म्हणजे मोआरेचं. इथे तुमच्या नव्या कॅमेऱ्याचा खरा फायदा आहे. साडीचा पन्हा सुमारे १२० सेंमी धरा आणि तो फोटोच्या लांब बाजूत पूर्ण बसवला असं समजा. ५०एस-२ ची ८,२५६ पिक्सेलची बाजू दर सेंटिमीटरला ६९ पिक्सेल देते, १०० मेगापिक्सेलची ९७. एक धागा आणि त्यालगतची फट टिपायला निदान दोन पिक्सेल हवेत, म्हणजे मर्यादा अनुक्रमे ३४ आणि ४८ धागे प्रति सेंमी. पण लाल आणि निळे पिक्सेल प्रत्येकी एकूणाच्या चौथा हिस्साच असतात, त्यामुळे रंगीत पट्टे याच्या निम्म्यावरच, १७ आणि २४ धाग्यांच्या आसपास, सुरू होऊ शकतात. बारीक विणीची पैठणी नेमकी या टप्प्यात सापडते. या कॅमेऱ्यांत अँटी-एलियासिंग फिल्टर (प्रतिमा किंचित धूसर करून मोआरे रोखणारा) नसतो. वर ५० मेगापिक्सेलच्या जीएफएक्समध्ये मायक्रोलेन्स (प्रत्येक पिक्सेलवरची बारीक भिंगं) मुद्दाम लहान ठेवलेल्या आहेत. त्याने प्रत्येक पिक्सेलची धार वाढते आणि मोआरेही वाढतो.

१०० मेगापिक्सेलने मोआरे संपणार नाही, पुढच्या बारीक विणीकडे सरकेल. म्हणून उपाय हाताशी असू द्या. पट्टे दिसले तर आधी फोटो १०० टक्क्यांवर बघा. लहान करून पाहताना स्क्रीनच खोटे पट्टे तयार करते. खरे असतील तर कॅमेरा १०–१५ सेंमी पुढेमागे करा किंवा साडीच्या पातळीशी दोन-तीन अंश तिरका करा. तेही जमलं नाही तर एफ/१६ वर जा. एफ/८ ला विवर्तनाने पसरलेला प्रकाशबिंदू सुमारे १०.७ मायक्रॉनचा असतो, एफ/१६ ला २१.५ चा, म्हणजे ३.७६ मायक्रॉनच्या पाच-सहा पिक्सेलांवर पसरलेला. तो अँटी-एलियासिंग फिल्टरचं काम करतो. थोडी धार जाते, ती शार्पनिंगने बरीचशी परत आणता येते. मोआरे पुसायचा ब्रश शेवटचा उपाय, कारण तो जरीचा मूळ रंगही पुसतो.

पदरावरचा मोर किंवा असावली (फुला-वेलीची नक्षी) जवळून टिपायची असेल तर जीएफएक्स १००एस-२ मधला पिक्सेल शिफ्ट मल्टी-शॉट वापरा. सेन्सर अतिसूक्ष्म सरकवत १६ फ्रेम घेतल्या जातात, प्रत्येक जागी लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजले जातात आणि फुजीच्या पिक्सेल शिफ्ट कंबाइनरमध्ये ४०० मेगापिक्सेलची फाइल तयार होते. रंगाचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही, त्यामुळे रंगीत मोआरेचा मुख्य आधार जातो. एक्स२डी १००सी मध्ये ही सोय नाही. अट एकच: १६ फ्रेम होईपर्यंत काहीही हलता कामा नये. साडी फळीवर ताणून टाचा, पंखा बंद करा, लाकडी माळ्यावर स्टुडिओ असेल तर खोलीत कुणी चालू नये. प्रत्येक फ्रेमला प्रकाश अगदी सारखा हवा. फ्लॅश कमीजास्त उडला तर चौकटीसारखी नक्षी उमटते.

१६ बिटच्या जाहिरातीकडे फार लक्ष देऊ नका. या सेन्सरची रेंज १५ स्टॉपच्या आतच आहे, तळातल्या बिटांत नॉइजच साठवला जातो. फाइल मात्र दोनशे एमबीच्या घरात जाते. सावल्या चार-पाच स्टॉप उचलणाऱ्याला क्वचित फायदा होईल, स्टुडिओत नीट प्रकाश देणाऱ्याला नाही. छपाईचंही तसंच. ए-२ पानाला ३०० पीपीआयने ३५ मेगापिक्सेल पुरतात, म्हणजे कॅटलॉगच्या आकारासाठी तुमचा सध्याचा कॅमेराही कमी पडत नाही.

पोलरायझरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कॅमेरा बदलताना अनेकजण तोही घेतात. दिव्यावर आणि लेन्सवर आडवे-उभे पोलरायझर लावले की रेशमाचा रंग गडद आणि सलग येतो, पण जरीची तार काळवंडते. धातूची चमक गेली की जरीची शोभाच जाते. वार्निश केलेल्या चित्रांसाठी तो वापरा, पैठणीसाठी नको.

आता उन्हातलं शूट. इथे हॅसलब्लाड स्पष्टपणे पुढे आहे. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ वर शटर १/१०० च्या आसपास येतं. मागचा घाट धूसर हवा म्हणून एफ/४ केलंत की तेच १/१६०० होतं. जीएफएक्सचा फोकल प्लेन शटर (सेन्सरपुढे सरकणारे पडदे) फ्लॅशशी १/१२५ पर्यंतच जुळतो. म्हणजे प्रकाश कमी करणारा चार स्टॉपचा एनडी फिल्टर लावायचा किंवा हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅशची ताकद घालवायची. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्समध्येच लीफ शटर आहे, तो १/२००० पर्यंत पूर्ण ताकदीचा फ्लॅश चालवतो, काही नव्या लेन्समध्ये १/४००० पर्यंत. उडता पदर, उन्हाशी झुंजणारा एकच फ्लॅश, असं काम तुमच्या कमाईचा मोठा भाग असेल तर हॅसलब्लाड त्याची किंमत वसूल करेल.

तुमच्या पत्रावरून ते ‘अधूनमधून’ दिसतं. म्हणून आमचा सल्ला जीएफएक्स १००एस-२ चा: लेन्स तुमच्याकडे आहे, पिक्सेल शिफ्ट मिळतो, आणि उन्हासाठी चार स्टॉपचा चांगला एनडी-१६ पुरेल. पण क्रम असा ठेवा: आधी फ्लॅश, मग कलरचेकर आणि रेशमाची फळी, आणि शेवटी बॉडी. टेदर करून, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडून, काम करत असाल तर तुमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत नवी बॉडी आहे ना हे पैसे देण्याआधी तपासा.

फाइल देतानाही एक गोष्ट सांभाळा, कारण इथे दोष पुन्हा कॅमेऱ्यावर ढकलला जातो. राणी रंग आणि गडद जांभळा बरेचदा एसआरजीबी या स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगकक्षेबाहेर जातात. लाल चॅनेल २५५ ला टेकतो, निऱ्यांच्या घड्या सपाट होतात आणि व्हॉट्सअॅपवर फोटो पाहणारा विणकर म्हणतो की रंग चुकला. लाइटरूममध्ये सॉफ्ट प्रूफिंग (अंतिम रंग आधी पाहण्याची सोय) चालू करून एसआरजीबी निवडा, कक्षेबाहेरचा भाग लाल खुणेने दिसेल. फक्त त्याच रंगाचं सॅच्युरेशन ८–१० आणि ल्युमिनन्स ५ च्या आसपास खाली आणा, घड्या परत येईपर्यंत. एक्सपोर्ट करताना आयसीसी प्रोफाइल जोडलेलं ठेवा. छापखान्याला मात्र ही फाइल देऊ नका. त्यांच्यासाठी १६ बिट टिफ अडोबी आरजीबीमध्ये वेगळी काढा, आणि सोबत त्या साडीच्या धाग्याची पट्टी पाठवा, म्हणजे मशीनवर शाई जुळवणाऱ्याला स्क्रीनवर विसंबावं लागणार नाही.